तिसऱ्या वेळी फोन

इचलकरंजीत एका करसल्लागार बाईंचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. खाली सुताच्या व्यापाऱ्याचं गोदाम, मागच्या गल्लीत यंत्रमाग. दिवसभर खडखडाट कानावर असतो आणि तो थांबला की लाईट गेल्याचं कळतं. ऑफिस वडिलांनी विक्रीकराच्या काळात सुरू केलं. पुढे व्हॅट आला, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, वडील थकले आणि खुर्ची लेकीकडे आली. वडिलांच्या वेळचे दिवाणजी मात्र कोपऱ्यातल्या आपल्या टेबलावर तसेच राहिले. क्लायंट बाईंना मॅडम म्हणतात. दिवाणजी ताई म्हणतात, कारण शाळा सुटली की दप्तर घेऊन ऑफिसात येणारी मुलगी त्यांनी पाहिलेली आहे.

या धंद्यात महिना तारखांवर चालतो. ७ तारखेला टीडीएसचा भरणा, ११ ला जीएसटीआर-१, १५ ला पीएफ आणि ईएसआय, २० ला जीएसटीआर-३बी. जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखेला आगाऊ कर, जुलैअखेर आयकराची विवरणपत्रं. ३बीची तारीख हुकली तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क, व्यवहार काहीच नसला तरी २० रुपये, आणि राहिलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज. तरीही ही कामं सहसा चुकत नाहीत. सगळं गावच त्या तारखेला धावत असतं, त्यामुळे विसरायला कुणी देत नाही. चुकतात ती तारीख नसलेली कामं. कुणाला बँकेसाठी एक दाखला हवा असतो, कुणाचं जुनं प्रकरण उघडायचं असतं, कुणाला नुसतं विचारायचं असतं की भावाच्या नावानं वेगळी नोंदणी काढावी का. ताईंची अशी कामं मॉनिटरला चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठ्यांवर होती, स्वतःलाच पाठवलेल्या व्हॉट्सअ‍ॅपवर होती, एका डायरीत होती आणि उरलेली डोक्यात. डोक्यातली रात्री दोन वाजता उठवायची.

म्हणून त्यांनी ठरवलं, कामाच्या याद्या सांभाळणारं एखादं वेब अ‍ॅप घ्यायचं. ऑफिसात ब्राउझरमध्ये उघडेल, घरी फोनवर दिसेल आणि हाताखाली असलेल्या बी.कॉम. झालेल्या मुलीलाही त्यात बघता येईल.

ताई कामाच्या पक्क्या. एक्सेल उघडून त्यांनी आडव्या रांगेत अ‍ॅपची नावं घातली, उभ्या रांगेत कसोट्या. ऑस्ट्रेलियातून २००५ मध्ये आलेलं रिमेंबर द मिल्क, डेन्मार्कमध्ये शिकणाऱ्या एका विद्यार्थ्यानं २००७ मध्ये स्वतःची कामं आवरायला बनवलेलं टूडूइस्ट, २०११ पासून रकाने आणि कार्डं घेऊन आलेलं ट्रेलो, मायक्रोसॉफ्टचं टू डू, आणि आणखी दोनतीन. ही परीक्षा त्यांनी मनापासून घेतली आणि ती कामाची होती हे मी आधीच सांगून ठेवतो. अवजार हातात घेण्याआधी त्याची धार बघणाऱ्या माणसाबद्दल मला आदर आहे.

पुन्हा पुन्हा येणाऱ्या कामाचंच उदाहरण घ्या. 'दर महिन्याला' असं सांगितलं की अ‍ॅप दोन प्रकारे मोजू शकतं. एक, दर महिन्याची २० तारीख. दुसरं, काम पुरं केल्यापासून एक महिना. वरवर सारखंच दिसतं. पण एखाद्या महिन्यात ३बी उशिरा, २४ तारखेला भरलं आणि अ‍ॅप दुसऱ्या प्रकारे मोजत असलं, तर पुढच्या महिन्यात ते २४ तारखेलाच आठवण करणार, चार दिवसांचा दंड लावून. उलट प्रिंटरच्या सफाईला तारखेचं बंधन नाही, ती मागच्या सफाईपासूनच मोजायला हवी. ताईंनी प्रत्येक अ‍ॅपमध्ये खोटं काम घालून, ते मुद्दाम उशिरा पुरं करून पुढची तारीख कुठली पडते ते पाहिलं. देवनागरीत लिहिलेलं देवनागरीत शोधल्यावर सापडतं का, ते पाहिलं. नेट बंद करून लिहिलेलं नेट आल्यावर टिकतं का, ते पाहिलं. कुणाचा पॅन, कुणाचा पासवर्ड यात कधीच लिहायचा नाही, हे त्यांनी शीटच्या माथ्यावर ठळक अक्षरांत लिहून ठेवलं.

आणि एक कसोटी त्यांनी सगळ्यांत वर ठेवली: आपलं लिहिलेलं सगळं बाहेर काढून घेता येतं का? याला कारण होतं. अ‍ॅस्ट्रिड नावाचं याद्यांचं अ‍ॅप २०१३ च्या मे महिन्यात याहूनं विकत घेतलं आणि ऑगस्टमध्ये ते बंदही झालं. बर्लिनचं वंडरलिस्ट लोकांच्या फार आवडीचं. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं घेतलं आणि ६ मे २०२० ला त्याला कुलूप लागलं. वंडरलिस्टच्या याद्या निदान टू डूमध्ये नेता आल्या. पण वेबवरचं दुकान कधी बंद होईल ते गिऱ्हाइकाच्या हातात नसतं, एवढं यातून कळतं.

गुण मांडून झाले. शंभरपैकी ८८ मिळवणारं एक अ‍ॅप पहिलं आलं. त्यात रंग होते, खुणा होत्या, कामाच्या पोटात काम, त्याच्या पोटात आणखी काम घालता येत होतं, चोवीस तासांत कधीही टोचणी लावता येत होती. मेलमधून काम टाकता यायचं, फोनशी बोलून टाकता यायचं, कॅलेंडरमधून आपोआप यायचं. ताईंनी शीट दिवाणजींसमोर धरली.

दिवाणजींनी चष्मा वर करून सगळे रकाने बोट फिरवत वाचले. मग म्हणाले, "ताई, आत यायला दारं पुष्कळ दिसतायत. काम बाहेर कुठून पडतं?"

"पुरं झालं की टिक करायची, काका."

"आणि पुरं होणारच नसलं तर?"

ताईंनी उत्तर दिलं नाही. शीटमध्ये त्याचा रकाना नव्हता.

दिवाणजींची स्वतःची पद्धत सांगायला हवी. त्यांच्याकडे लाल कापडी पुठ्ठ्याची टाचणवही. सकाळी एक पान, त्यावर आजची कामं. संध्याकाळी झालेल्यांवर रेघ आणि राहिलेली दुसऱ्या दिवसाच्या पानावर पुन्हा हातानं लिहायची, रोजमेळात शिल्लक पुढे ओढतात तशी. एकदा ओढलं, चालतं. दोनदा ओढलं, ठीक. तिसऱ्यांदा तेच काम लिहायची वेळ आली की वही मिटून फोन उचलायचा आणि ज्याचं काम आहे त्याला जे असेल ते सांगायचं. कागद अडलाय, मला वेळ नाही, हे काम आमच्याकडून होणार नाही, नाहीतर अमुक दिवशी नक्की देतो. ते सांगितल्याशिवाय तिसऱ्यांदा लिहायचं नाही. ताईंना ही पद्धत लहानपणापासून माहीत होती. एवढी जवळून पाहिलेली गोष्ट पद्धत आहे, हेच ध्यानात येत नाही.

पहिला आठवडा सोन्याचा गेला. चिठ्ठ्या मॉनिटरवरून गेल्या, डोक्यातलं सगळं यादीत उतरलं, रात्री झोप लागू लागली. महिना संपता संपता मात्र यादी शंभराच्या वर गेली आणि निम्मी लाल दिसू लागली. रोज सकाळी अ‍ॅप उघडलं की पहिली दहा मिनिटं तारखा ढकलण्यात जायची. कामाशेजारी एक लहानसं बटण होतं, 'उद्या'. ते दाबलं की लाल अक्षर काळं व्हायचं आणि काहीतरी आवरल्यासारखं वाटायचं.

यादी तेव्हा कशी होती ते पाहा: 'बँकेचं'. 'सायझिंगवाल्यांचं बघणे'. 'सोसायटी'. 'नोटीस'. 'ट्रस्टचे हिशेब'. यात काम कुठंच नाही. काय करायचं, कुणाशी बोलायचं, पहिला कागद कुठला काढायचा, यातलं काही ठरलेलं नाही. ज्याचा घोर लागलाय त्याचं नाव तेवढं टिपलेलं आहे. ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी बर्लिनमधल्या प्रयोगांवरून १९२७ मध्ये मांडलं होतं की पुऱ्या झालेल्या कामापेक्षा अर्धवट राहिलेलं काम मनात जास्त रेंगाळतं. पुढे २०११ मध्ये मॅसिकाम्पो आणि बाउमाइस्टर यांच्या प्रयोगांत असं दिसलं की काम पुरं न करताही ही रुखरुख थांबते, पण त्यासाठी ते कधी आणि कसं करायचं याचा नेमका बेत ठरावा लागतो. मला हा शोध फार मोलाचा वाटतो. ताईंची पहिल्या आठवड्यातली झोप लिहून मोकळं झाल्याची होती. बेत ठरलेलाच नव्हता, म्हणून ती टिकली नाही.

अशात एका सकाळी एक म्हातारे यंत्रमागवाले जिना चढून आले. आठ मागांचे मालक. त्यांचा आधीचा हिशेबनीस गाव सोडून गेला होता आणि सहा महिने एकही रिटर्न भरलेलं नव्हतं. नोंदणी रद्द का करू नये, अशी आरईजी-१७ ची नोटीस आली होती. तिला सात कामकाजी दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्यांनी नोटिशीचा फोटो पाठवला होता, ताईंनी त्याच दिवशी "बघते" म्हणून सांगितलं होतं.

ते खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "मॅडम, नोटिशीचं झालं असंल न्हवं? उद्या शेवटचा दिस हाय म्हणत्यात. सूतवाला म्हणतोय, नंबर बंद पडला तर माल देणार न्हाई."

आवाजात तक्रार नव्हती. काम मॅडमकडे दिलंय म्हणजे ते झालं, याच भरवशावर ते इतके दिवस माग चालवत होते.

ताईंनी अ‍ॅप उघडलं. 'नोटीस' तिथंच होतं, 'सोसायटी' आणि 'प्रिंटरची शाई' यांच्या मधे. हरवलं नव्हतं. रोज दिसत होतं आणि रोज त्याच्यापुढचं बटण दाबलं जात होतं. अ‍ॅपनं सांगितलेलं सगळं केलं होतं. आठवण दिली, तारीख दाखवली, लाल रंग दिला. ढकलू नका, असं त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

त्या दिवशी बाकी सगळं बाजूला पडलं. आधीच्या महिन्याचं रिटर्न भरल्याशिवाय पुढच्या महिन्याचं भरता येत नाही, म्हणून सहाही महिने ओळीनं घ्यावे लागले. दिवाणजी बिलांच्या बेरजा मारत होते, मुलगी आकडे भरत होती, ताई ताळा बघत होत्या. विलंब शुल्क आणि व्याजाच्या पैशाची जुळणी करायला म्हातारे भावाकडे गेले आणि संध्याकाळी पिशवीत गुंडाळून घेऊन आले. राहिलेली सगळी रिटर्नं कर, व्याज आणि शुल्कासह भरली तर नोंदणी रद्द करण्याची कारवाई मागे घेता येते, हा नियमातला आधार होता. रात्री अकराला शेवटचं ३बी गेलं, दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर गेलं. नंबर वाचला.

म्हातारे हात जोडून गेले. ते ताईंना फार लागलं. रागावून गेले असते तर बरं वाटलं असतं.

त्याच दुपारी त्यांनी अ‍ॅप बंद केलं आणि बाजारातून लाल पुठ्ठ्याची वही आणवली. आमच्याकडे अशा गोष्टी इथंच संपवायची रीत आहे: जुनं ते सोनं, यंत्र ते खोटं. पण तसं झालं नाही.

दोन आठवड्यांनी दिवाणजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यात थेंब, वाचायचं नाही, कागद नाही, ऑफिस नाही. त्यांची वही टेबलावर होती. मुलीनं पान उघडलं तर 'सू. दु. पा. ३', 'य. मा. धा. — सं. बो.' असलं काही. दिवाणजींना त्यातलं अक्षर न् अक्षर कळत होतं, दुसऱ्या कुणालाही काही नाही. तीन क्लायंट येऊन परत गेले. शेवटी मुलगी वही घेऊन त्यांच्या घरी गेली, एकेक ओळ वाचून दाखवू लागली आणि ते काळ्या चष्म्याआडून उलगडून सांगू लागले. अर्धं पान झाल्यावर थांबले.

"पोरी, डोळे माझे गेले आणि काम लोकांचं अडलं. हे बरोबर नाही. तुझ्या त्या मशिनीत घाल हे सगळं. मी सांगतो तसं घाल."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. "पाहुण्यांच्या सायझिंगचा दाखला, असं नको लिहूस. लिही: सायझिंगच्या मालकांना फोन करून मागच्या वर्षाचा ताळेबंद मागवणे. कोण करणार? तू. कधी? उद्या दहाला, ते दहाच्या आधी भेटत नाहीत." मुलगी लिहीत गेली. चाळीसेक ओळींतल्या अकरा कामांवर ते म्हणाले, "हे लिहू नको, यांना फोन लाव, आत्ताच." दिवाणजी फोनवर बोलायचे आणि ती ओळ तिथंच संपायची.

संध्याकाळी मुलीनं ताईंना हे दाखवलं. ताई बराच वेळ स्क्रीन वरखाली करत राहिल्या, मग त्यांनी जुनी एक्सेल शीट काढली. जुन्या कसोट्या खोट्या नव्हत्या, त्या त्यांनी ठेवल्या. फक्त वर चार नव्या घातल्या. एक काम कितीदा ढकललं ते हे अ‍ॅप दाखवतं का? न होणारं काम 'झालं' अशी खोटी टिक न करता, नाकारलं म्हणून वेगळं काढून ठेवता येतं का? मी आठवडाभर आले नाही तर दुसऱ्या माणसाला यातलं वाचून काम पुढे नेता येईल का? आणि नवं काम आत टाकताना ते मला क्षणभर थांबवतं का, की भराभर टाकू देतं? या चौथ्या कसोटीवर ८८ गुणांचं अ‍ॅप सपशेल पडलं. जे पूर्वी त्याचं मोठेपण वाटलं होतं, मेलमधून, आवाजातून, कॅलेंडरमधून सहज आत घेणं, त्यानंच यादी फुगवली होती.

त्यांनी घेतलं ते आधी चौथ्या नंबरवर आलेलं, साधं अ‍ॅप. त्यातही ढकलण्याची मोजणी नव्हती, म्हणून नियम माणसांनी केला: काम ढकललं की त्याच्या नावापुढे एक फुली. दोन फुल्या झाल्या की तिसरी मारायची नाही, फोन करायचा. प्रत्येक ओळ माणसापासून सुरू होणार आणि क्रियापदावर संपणार. तारीख सरकारनं दिलेली किंवा आपण कुणाला शब्द दिलेली, एवढीच. मनानं कुठलीही तारीख टाकायची नाही, कारण खोट्या तारखा लाल झाल्या की खऱ्या तारखांचा लाल रंग दिसेनासा होतो. शनिवारी दुपारी तिघांनी बसून यादी मोठ्यानं वाचायची. महिनाअखेर सगळी यादी उतरवून ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ठेवायची, वंडरलिस्टची आठवण म्हणून.

जुन्या यादीतलं एक काम उरलं होतं. 'ट्रस्टचे हिशेब'. नात्यातल्या एका देवस्थानच्या ट्रस्टचे चार वर्षांचे कागद वर्षभर कपाटात पडून होते. ताईंनी त्याच्यापुढे फुल्या मोजायचाही प्रयत्न केला नाही. फोन लावला.

"दादा, ट्रस्टचं काम माझ्याच्यानं होणार नाही. आधीच सांगायला हवं होतं. कागद उद्या मुलीबरोबर पाठवते."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, "बरं झालं सांगितलंस. तुझ्याकडं दिलंय म्हणून आम्ही दुसऱ्या कुणाला विचारतच नव्हतो."

ताईंनी फोन ठेवला आणि डोळे पुसले. वर्षभर आपण कामाचं ओझं वाहतोय असं त्यांना वाटत होतं; तेवढंच वर्ष पलीकडची माणसंही खोळंबून होती.

हे सगळं गावात पसरायला वेळ लागला नाही. एका दुपारी जयसिंगपूरचे एक करसल्लागार आले. त्यांना ती एक्सेल शीट हवी होती, म्हणाले, "ताई, तुम्ही सगळी अ‍ॅपं तपासलीत म्हणे. कुठलं चांगलं ते एकदा सांगा, मी तेच घेतो."

ताईंनी शीट पाठवून दिली. मग म्हणाल्या, "आत्ता तुमची कामं कशात आहेत?"

"फोनमध्ये लिहितो."

"वाचा बघू वरून."

त्यांनी फोन काढला. "मंगल कार्यालय."

"मंगल कार्यालयाचं काय?"

"त्यांनी विचारलं होतं, नोंदणी घ्यावी लागेल का."

"मग?"

"लागेल. भाडं वर्षाला वीस लाखांच्या वर जातंय त्यांचं."

"त्यांना सांगितलंत?"

पाहुणे थोडे घुटमळले. "महिना झाला, राहूनच जातंय."

"नंबर आहे ना?"

मागांच्या आवाजात बोलणं ऐकू येईना, म्हणून ते फोन कानाला लावून जिन्यात गेले. दिवाणजींनी त्यांच्यासाठी चहा सांगितला.